नवी मुंबई : आधी वेळ विचारा, मग पत्ता

नवी मुंबईत येणारा पाहुणा सहसा शहर बघायला आलेला नसतो. कुणी डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामन्याला येतं, कुणी ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांत मुलाखतीला, कुणी खारघरला टाटा स्मारकच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये उपचारांसाठी. डिसेंबर २०२५ पासून विमान पकडायला येणाऱ्यांचीही त्यात भर पडली आहे. काम उरकतं, हातात चार-पाच तास उरतात आणि मग यजमानाला विचारणा होते : इथं बघण्यासारखं काय आहे, आणि जेवायचं कुठं? यजमान बहुधा जवळच्या मॉलचं नाव सांगून मोकळा होतो.

त्यात त्याचाही फारसा दोष नाही. हे शहर कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेलं. रस्ते सरळ, चौक मोठे, इमारती एकसारख्या. जुन्या शहरात पेठेतून चालत गेलं की खाण्याची दुकानं आपोआप समोर येतात. इथं तसं होत नाही. तरीही नवी मुंबईत खाण्याबघण्याजोगं भरपूर आहे. फक्त ते शहर वसवणाऱ्या सिडकोच्या आराखड्यावर चालत नाही. ते चालतं खाडीच्या भरती-ओहोटीवर, घाऊक बाजाराच्या रात्रपाळीवर, आंब्याच्या, मिरचीच्या आणि वालाच्या हंगामावर. म्हणून इथं फिरायला निघताना पत्ता नंतर विचारावा, आधी वेळ विचारावी.

आखलेलं शहर, आधीची गावं

१९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक प्रस्ताव मांडला. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला खाडीपलीकडे, पूर्वेला पसरू द्या. सरकारनं तो उचलला आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नव्या शहरासाठी ठरवण्यात आली. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि वसाहती उभ्या राहू लागल्या. लोकल मात्र मानखुर्दहून वाशीला पोहोचली ती १९९२ मध्ये.

त्या ९५ गावांत भातशेती होती, मिठागरं होती, मासेमारी होती. आगरी आणि कोळी समाजाची वस्ती होती. शेतं गेली, गावठाणं राहिली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्त रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, त्यात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना या लढ्यातून आली. सेक्टरांच्या मधोमध दिसणारी दाट घरांची, अरुंद गल्ल्यांची बेटं म्हणजे ही गावं : जुहूगाव, वाशीगाव, शिरवणे, करावे, सारसोळे, दिवाळे, बोनकोडे, घणसोली. पाहुण्याच्या दृष्टीनं मोलाचं बरंचसं या बेटांवर आहे.

पत्ता कसा वाचायचा

नव्या माणसाची पहिली फजिती पत्त्यात होते. ‘सेक्टर १५’ एवढं सांगून रिक्षात बसू नये. वाशीला सेक्टर १५ आहे, नेरूळला आहे, बेलापूरला आहे, खारघरलाही आहे. आधी नोडचं, म्हणजे वाशी-नेरूळसारख्या विभागाचं नाव, मग सेक्टर, मग जवळची खूण हा इथला क्रम. सेक्टरांचे आकडेही ओळीनं येतीलच याची खात्री नाही. स्थानिक माणसं म्हणूनच चौक, शाळा, देऊळ किंवा डेपो सांगतात. शक्य असेल तिथं स्टेशन हाच मुक्काम धरावा.

आणि स्टेशनं बघण्यासारखी आहेतच. वाशी, सानपाडा, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर इथल्या अवाढव्य इमारती मुंबईकराला चकित करतात. त्यामागं हिशेब आहे. इथल्या रेल्वेमार्गांच्या खर्चाचा साधारण दोन तृतीयांश भार सिडकोनं उचलला आणि एक तृतीयांश रेल्वेनं. त्या बदल्यात स्टेशनांवरची आणि भोवतालची व्यापारी जागा सिडकोकडे आली. डोक्यावर कार्यालयं आणि मॉल घेऊन बसलेली स्टेशनं त्यातून उभी राहिली. सीवूड्सला तर गाडीतून उतरलं की माणूस थेट मॉलमध्येच शिरतो. पावसात अडकलात किंवा लहान मुलं बरोबर असली तर ही सोय नाकारू नये. पण तिथं मिळणारं सगळं तुमच्या शहरातही मिळतं.

भरतीचं गणित

नोव्हेंबर-डिसेंबर ते मे या काळात आलात तर पहिला मान रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना द्यावा. ठाणे खाडीच्या चिखलाळ काठांवर ते हजारोंनी उतरतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. खाडीतलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव हे त्यांचं अन्न आणि त्या अन्नातलीच रंगद्रव्यं पिसांना गुलाबी करतात. मूळचं पिल्लू राखाडी असतं.

त्यांना बघायचं गणित भरतीवर आहे. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी लांब आत, चरायला गेलेले असतात. काठावरून गुलाबी रेघेपलीकडं फारसं दिसत नाही. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि पक्षी विसाव्याला आतल्या पाणथळींवर येतात. नेरूळच्या दिल्ली पब्लिक स्कूलमागचा तलाव, पाम बीच रस्त्यालगतची टी. एस. चाणक्य ही नौवहन प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय संकुल यांच्याजवळची पाणथळ ही त्यांची ठरलेली ठिकाणं. म्हणून पूर्ण भरतीच्या तासभर आधी तिथं पोहोचावं, सकाळची किंवा संध्याकाळची भरती गाठावी.

भरतीची वेळ मोबाइलवर मिळते, पण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब त्याहून सोपा आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता साधारण पूर्ण भरती. दिवसाची आणि रात्रीची अशा दोन भरत्यांत सुमारे साडेबारा तासांचं अंतर असतं. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येतो, त्याबरोबर भरतीही सरकते. पाऊणपटीचा नियम त्यावरच बसवलेला आहे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चालावं, त्यातही खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा चढतं.

पक्षी जवळून बघायचे असतील तर ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. हंगामात तिथून खाडीत बोट जाते. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे आधी नोंदणी केलेली बरी. काठावर खारफुटीची झाडं, चिखलात उड्या मारणारे निवटे आणि लाल नांगीचे खेकडे हे तर बिनतिकीट बघायला मिळतं.

या पाणथळी शहराच्या मधोमध असल्यानं त्यांच्यावरचा ताणही उघड दिसतो. खाडीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की तलाव कोरडा पडतो आणि पक्षी पाठ फिरवतात. नेरूळनं हे २०२४ मध्ये पाहिलं. तलावाकाठी उभं राहून पाणी कुठून येतं आणि कुठून जातं एवढं जरी शोधलं, तरी या शहरातल्या अर्ध्या वादांचं मूळ सापडतं.

गावठाणातलं ताट

नवी मुंबईचं स्वतःचं जेवण कोणतं, या प्रश्नाला एकच खरं उत्तर आहे : आगरी-कोळी. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, चिंबोऱ्यांचं कालवण, तळलेले बोंबील, कोलंबी, मांदेली, तिसऱ्या आणि सोबत आगरी मसाल्याची लालभडक तर्री. मालवणी जेवणात भरपूर खोबरं असतं. इथल्या कालवणात वर्षभराचा कुटून ठेवलेला मसाला आणि चिंचेचा किंवा कोकमाचा आंबटपणा पुढं असतो, रस्सा पातळ आणि झणझणीत. समुद्राची पापलेट-सुरमई सगळीकडं मिळते. इथं विचारायचं ते खाडीचं : बोईट, निवट्या, खाडीची कोलंबी, आणि नशीब असेल तर जिताडा. उरण, पेण, अलिबागच्या खारजमिनीतल्या तळ्यांत पाळला जाणारा हा मासा रायगडकराच्या दृष्टीनं पाहुणचाराचा कळस आहे.

आगरी-कोळी पाट्या लावलेल्या खानावळी आता प्रत्येक नोडमध्ये आहेत. निवडताना दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, ताटात भाकरी हातानं थापून गरम येते की नाही. दुसरी, ‘आज काय आहे?’ या प्रश्नाला माणूस छापील मेनू पुढं करतो की ‘आज बोईट चांगलं आलंय’ असं सांगतो. दुसरं उत्तर देणाऱ्याकडं बसावं. थाळीत सुक्या जवळ्याची किंवा सुकटीची चटणी असेल तर ती मागून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी पाहुण्याला वास आवडणार नाही म्हणून ती आपणहून वाढत नाहीत.

इथंही वेळ बघायची. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासेमटणाचे वार. त्या दिवशी बाजार भरलेला, खानावळी ओसंडलेल्या आणि माल ताजा. सोमवारी आणि गुरुवारी अनेक घरांत वार पाळले जातात, चुली थंड असतात. चिंबोऱ्या अमावास्येच्या आसपास भरलेल्या मिळतात, पौर्णिमेला पोकळ निघतात, असं कोळणी सांगतात आणि गिऱ्हाईकही त्यावर विसंबून खरेदी करतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या समुद्री मासळीचा हट्ट धरू नये. तो काळ सुक्या मासळीचा : सुके बोंबील घालून केलेलं वांग्या-बटाट्याचं कालवण आणि गरम भात. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा होड्या लोटल्या जातात.

मासळी विकत घ्यायची किंवा नुसती बघायची असेल तर बेलापूरजवळचा दिवाळे कोळीवाडा गाठावा. होड्या भरतीच्या पाण्यावर धक्क्याला लागतात, त्यानंतरचा तासभर इथली खरी लगबग. पाम बीच रस्त्याच्या कडेला सारसोळेची जेट्टी आहे. मागं काचेचे टॉवर आणि पुढं जाळी विणत बसलेली माणसं हे चित्र तिथं रोज दिसतं. चैत्र-वैशाखात आलात तर गावदेवीच्या जत्रा सुरू असतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. पालखी, बेंजो, खेळण्यांची आणि खाज्याची दुकानं, आणि घरोघर जेवायला आलेले पाहुणे. ओळखीचं कुणी आगरी घर असेल आणि जत्रेचं किंवा हळदीचं बोलावणं आलं, तर बाकीचे सगळे बेत रद्द करावेत. तिथले वडे आणि मटण कोणत्याही हॉटेलात मिळत नाही.

रात्री जागणारा बाजार

पाहुण्याला मी न चुकता सुचवतो ते ठिकाण पर्यटनाच्या कोणत्याही यादीत नसतं : वाशी-तुर्भ्याचा एपीएमसी बाजार. मुंबईचं पोट इथून भरतं. दक्षिण मुंबईतली गर्दी कमी करायची म्हणून घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवण्याचं ठरलं. कांदा-बटाटा आधी आला, मग मशीद बंदर भागातले मसाला आणि धान्याचे व्यापारी आले, आणि १९९६ मध्ये भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळं आली. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि दाणाबंदर असे पाच बाजार शेजारीशेजारी आहेत.

भाजीचा बाजार रात्री भरू लागतो. नाशिक, पुणे, सातारा जिल्ह्यांतून निघालेले ट्रक मध्यरात्रीनंतर गाळ्यांना लागतात आणि पहाटेपासून मुंबईभरच्या भाजीवाल्यांची झुंबड उडते. सकाळी नऊला गेलात तर उरलेला पालापाचोळाच दिसेल. पहाटे पाच-साडेपाचला जावं, पायात बंद बूट घालावेत आणि हातगाडीवाल्याच्या वाटेत उभं राहू नये. फळबाजार सकाळी लवकर, तर मसाला बाजार दिवसा कामाच्या वेळेत.

हापूसचा हंगाम मार्च ते मे. पहिल्या पेट्या त्याआधीच येतात आणि बातम्यांत झळकतात, पण त्या खिशाला झेपत नाहीत. गुढीपाडव्यानंतर आवक वाढते, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भाव आवाक्यात येऊ लागतो. देवगड-रत्नागिरीच्या नावाखाली कर्नाटकचा आंबा गळ्यात पडण्याची शक्यता असते. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे पेटीवरचं नाव-गाव विचारण्याचा हक्क आहे. घेताना ‘तयार आहे की कच्चा?’ हेही विचारावं. प्रवासाला निघणाऱ्यानं कच्चाच घ्यावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हापूस दिसला तर दचकू नये, तो आफ्रिकेतल्या मलावीहून आलेला असतो.

फेब्रुवारी ते मे मसाला बाजारात मिरचीचा काळ. बेडगी आणि काश्मिरी रंगाला, लवंगी तिखटाला. पावसाआधी वर्षाचा मसाला करून ठेवायचा म्हणून बायका गटागटानं येतात, एकेक मिरची हातात घेऊन वाजवून बघतात. नाकाला रुमाल लावून का होईना, हा फेरफटका मारावा. घाऊक बाजार असला तरी बरेच मसालेवाले किलोनं देतात, आणि जवळच्या कांडपात मसाला कुटूनही मिळतो.

या बाजारानं नवी मुंबईच्या जेवणात आणखी एक चव आणली. इथला माल माथाडी कामगार वाहतो. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं, १९६९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतून आलेली ही कुटुंबं कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत राहिली. म्हणून त्या भागात घाटावरचं जेवण उत्तम मिळतं : बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, काळ्या मसाल्याचं मटण, तांबडा-पांढरा रस्सा. बाजारात पहाटे फिरून झालं की शेजारच्या टपऱ्यांवर मिसळ आणि कटिंग चहा तयार असतो. दुपारी बाजारातच असाल आणि शाकाहारी असाल, तर काळबादेवी परिसरातल्या भगत ताराचंदची पाटी इथंही आहे. व्यापारी आले, तसं त्यांचं जेवणही मागोमाग आलं.

एका रस्त्यावर चार राज्यं

वाशी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, सेक्टर ३०-अ मध्ये, वेगवेगळ्या राज्यांची भवनं आहेत : आसाम, केरळ, मिझोरम, अरुणाचल प्रदेश. मुंबईत जागा मिळेनाशी झाल्यावर राज्यांनी आपली अतिथिगृहं इथं बांधली. ईशान्येकडून कर्करोगाच्या उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांना या भवनांचा मोठा आधार असतो.

आसाम भवनाच्या उपाहारगृहात आसामी थाळी मिळते. केळीच्या सालीच्या राखेचं पाणी घालून केलेला खार आणि माशाचा आंबट, हलका टेंगा हे दोन पदार्थ महाराष्ट्रात सहज कुठं खायला मिळत नाहीत. फोन करून जेवण सांगून ठेवावं आणि दुपारच्या वेळेतच जावं. ही शासकीय अतिथिगृहं आहेत, हॉटेलसारखी बडदास्त इथं अपेक्षित नाही. चव मात्र घरची असते. दाक्षिणात्य खाण्यासाठी वाशी आणि नेरूळ दोन्ही ठीक. इथं तमिळ-मल्याळी वस्ती जुनी आहे, नेरूळच्या टेकडीवरच्या बालाजी मंदिरात सकाळी गेलात तर ते लगेच कळतं. आणि रात्री उशिरा मित्रांबरोबर बसायचं असेल तर वाशीचं सेक्टर १७ आणि बेलापूरचं सेक्टर १५ सगळ्यांना ठाऊक आहेत.

बेलापूर : कोरियांची घरं, बुरुज आणि हाट

ज्यांना शहरं बघायची आवड आहे त्यांनी बेलापूरला अर्धा दिवस द्यावा. पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात ती वसाहत आखली. सात घरांच्या मधे एक छोटं अंगण, अशा तीन गटांच्या मधे थोडं मोठं अंगण, असं वाढत जाणारं गणित. कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही; हेतू असा की ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं आपलं घर वाढवावं. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की मूळ उतरत्या छपराची घरं आता शोधावी लागतात. जगभरचे वास्तुरचनेचे विद्यार्थी इथं वह्या घेऊन येतात. लोकांच्या दारात आपण फिरतो आहोत हे ध्यानात ठेवून, सकाळी किंवा संध्याकाळी, हळू आवाजात फिरावं.

तिथून खाडीच्या बाजूला किल्ले गावठाण. बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे असे मालक बदलत १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. पनवेलच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवणं हे त्याचं काम होतं. आज एखाददुसरा बुरुज आणि थोडी तटबंदी उरली आहे. राजगड-रायगडच्या अपेक्षेनं जाऊ नये. स्टेशनजवळ सिडकोचं अर्बन हाट आहे. देशभरचे विणकर आणि कारागीर तिथं आळीपाळीनं प्रदर्शनं मांडतात आणि त्या त्या प्रांताचं खाणंही असतं. सणांच्या आधीचे दिवस त्यासाठी उत्तम.

उत्तरेला ऐरोलीत उतरणार असाल तर सेक्टर १५ मधलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारक चुकवू नये; ग्रंथालय आणि जीवनपट दाखवणारं छायाचित्रांचं दालन निवांत बघावं. मराठी नाटक बघायचं असेल तर वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह आणि पनवेलचं वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. शनिवार-रविवारचे प्रयोग आधीच भरतात.

पावसात खारघर, थंडीत पनवेल

पावसाळ्यात पाहुण्याला खारघरला न्यावं. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ११ स्थानकांची ही छोटी मार्गिका खारघरच्या मधून जाते आणि डोंगरांचा देखावा आयता दाखवते. सेंट्रल पार्क स्थानकावर उतरलं की समोर मोठं उद्यान, मागं हिरवागार डोंगर आणि त्यावरून सुटलेल्या पांढऱ्या धारा. यातला सर्वांत मोठा पांडवकडा, सुमारे १०७ मीटर उंच. तिथं बुडून अनेक तरुण दगावले आहेत, म्हणून पावसाळ्यात वन विभाग आणि पोलीस वाट बंद करतात. ती बंदी पाळावी. धबधबा लांबून जास्त चांगला दिसतो. घणसोलीजवळचा गवळीदेव डोंगर पावसाळी चालण्यासाठी सोपा. भिजून आल्यावर खारघरच्या उत्सव चौकाच्या आसपास कणीस, भजी, मोमो जे हवं ते मिळतं.

थंडीत मात्र दिशा पनवेलची धरावी. वालाच्या शेंगांवर दव पडलं की डिसेंबर-जानेवारीत पोपटी सुरू होते. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मसाला लावलेलं चिकन, अंडी, कणगर, बटाटे, वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि गवऱ्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासात शेंगा त्यांच्याच वाफेवर शिजतात. पनवेल परिसरातली शेतघरं आणि खानावळी आता सांगितल्यावर पोपटी लावून देतात. शाकाहारी माणसासाठी नुसत्या शेंगांचीही लागते आणि ती कमी चविष्ट नसते.

पनवेलहून गोवा रस्त्याला लागलं की पळस्पे फाट्यावर दत्ता स्नॅक्समध्ये बटाटेवडा, कोथिंबीर वडी आणि पियूष. पुढं कर्नाळा पक्षी अभयारण्य, १९६८ पासूनचं. अंगठ्यासारखा सुळका लांबूनच ओळखू येतो. त्याच रस्त्यावर तारा इथं युसुफ मेहेरअली सेंटर आहे. घाण्याचं तेल, साबण, खादी अशा वस्तूंची खरेदी तिथं करावी.

उरणची गाडी

जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. नेरूळ किंवा बेलापूरहून बसा, खिडकी पकडा. खाडी ओलांडली की उलवे, विमानतळाचा परिसर, पाणथळी आणि न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर असं एका तिकिटात बदलतं जग दिसतं. उरणला पिरवाडीचा किनारा, आणि तालुक्यात आत चिरनेर : महागणपतीचं देऊळ आणि २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांचं स्मारक. परतताना मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच घेतली तर मुंबई समुद्राकडून दिसते. मात्र मोऱ्याला गाळ साचलेला असतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच खोळंबते. तिथं पोहोचण्याआधी तिथीची पाऊणपट करून बघा.

तुमच्याकडं किती वेळ आहे?

दोन तास असतील आणि तुम्ही वाशीत असाल : आसाम भवनात जेवण किंवा जवळच्या खानावळीत आगरी थाळी, मग सागर विहारला खाडीकाठी एक फेरी. अर्धा दिवस असेल : हिवाळा-उन्हाळ्यात भरती गाठून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी, मग दिवाळे कोळीवाडा, मग बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज. पावसाळा असेल तर मेट्रोनं खारघर. पूर्ण दिवस असेल : पहाटे एपीएमसी, टपरीवर मिसळ, दुपारी उरणची गाडी, मोऱ्याहून लाँच. मुंबईहून विमान असणाऱ्यांनी हा बेत करू नये, ओहोटी कुणासाठी थांबत नाही. सामन्याला आला असाल तर स्टेडियमभोवती जेवण शोधू नका. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषक भारतानं तिथं जिंकला, त्या रात्री नेरूळच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. एक स्टेशन पुढं-मागं, सीवूड्सला किंवा जुईनगरला उतरा आणि शांतपणे जेवा.

आणि बेत ठरवताना शेवटचा शब्द नकाशाला देऊ नका. यजमानाला तीन गोष्टी विचारा : आज वार कोणता, तिथी कोणती आणि बाजारात सध्या काय आलंय. त्याला तिन्हींची उत्तरं देता आली, तर त्याचं बोट धरून निघा. नाही आली, तर जवळच्या मासळी बाजारात जाऊन एखाद्या कोळणीला विचारा. दोन वाटे घेतलेत तर जेवायचं कुठं हेही ती सांगेल.